दोनाडकर सरांचा आदर्श पाठ

“वाघ म्हणाला, अरे खेकड्या, सांग, हा तलाव कोणाचा?” एवढे वाचून तिसरीतला आदेश थांबला. त्याने तोंडापुढे मूठ धरली, दोनदा खोकला, आणि घसा साफ झालेल्या माणसाच्या ऐटीत पुढच्या ओळीला लागला.

मागच्या भिंतीशी सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या मनसाराम दोनाडकर सरांनी समाधानाने मान डोलावली. पोरगा कुठेही अडखळत नव्हता. वाघाचा आवाज जाड, खेकड्याचा बारीक. प्रश्नाला सूर वर चढत होता, उत्तराला खाली उतरत होता. असे वाचन त्यांनी वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, ऊर्जानगरच्या शाळेतही ऐकले नव्हते, आणि हे तर तलावाकाठचे, जंगलाच्या कुशीतले, एसटीची वाट पाहून थकणारे गाव.

“शाब्बास रे बेटा! सर्दी झाली वाटते तुले?”

“नाई जी,” आदेश म्हणाला आणि बसला.

मग आचल उठली. तिनेही तोच उतारा घेतला. वाघाने तलाव कोणाचा म्हणून विचारले, आणि आचलने तोंडापुढे मूठ धरून दोनदा खोकला काढला. तिच्यामागून निकेश उठला. तोही त्याच जागी खोकला. वर्गातले एकही मूल हसले नाही. हसण्यासारखे त्यात त्यांना काही दिसतच नव्हते. खोकला हा पाठाचाच एक भाग होता.

दोनाडकर सरांच्या चेहऱ्यावरचे समाधान, पाण्यात टाकलेल्या मिठासारखे, हळूहळू विरघळले. ते उठून पुढे आले. निकेशच्या हातातले पुस्तक त्यांनी घेतले, दुसरेच पान उघडले आणि आचलपुढे धरले. त्या पानावर ना वाघ होता, ना खेकडा. एक म्हातारी मोहाखाली वाकून फुले वेचत होती.

“हे वाच बरं.”

आचलने मोठ्या आज्ञाधारकपणे पानावर बोट ठेवले, नजर छपराच्या कवेलूंकडे लावली आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाली, “वाघ म्हणाला, अरे खेकड्या, सांग, हा तलाव कोणाचा?” आणि खोकली.

तो खोकला कोणाचा होता, हे आता सरांना सांगावे लागणार नव्हते.

मनसाराम दोनाडकर हे हाडाचे शिक्षक. परंतु गेली कित्येक वर्षे त्यांच्या हाती स्वतःचा असा वर्ग नव्हता. तालुक्याच्या साधन केंद्रात त्यांची नेमणूक होती. गावोगावच्या प्राथमिक शाळांत जावे, शिक्षक मुलांना वाचायला-लिहायला कसे शिकवतात ते मागे बसून पाहावे, मग त्या शिक्षकाशी चार गोष्टी बोलाव्या, त्याचे कुठे अडते ते जाणून घेऊन त्याला हात द्यावा, असे त्यांचे काम होते. काम मागे बसण्याचे होते. माणूस मात्र मागे बसणारा नव्हता.

त्यांचे गाव वडसाजवळचे. तरुणपणी हिवाळा लागला की ते झाडीपट्टीच्या नाटकमंडळीबरोबर निघत. प्रथम ते प्रॉम्प्टर होते. पडद्याच्या कडेला बसायचे, नटाला पुढचे वाक्य हळूच पुरवायचे, आणि आपला आवाज प्रेक्षकांपर्यंत पोहोचू द्यायचा नाही, ही प्रॉम्प्टरची कला. पण एकदा खलनायक तापाने फणफणला आणि मनसारामला तोंडाला रंग लावून उभे केले गेले. त्याने अशी काही डरकाळी फोडली म्हणतात, की मंडपातली पोरे आयांच्या पदराआड शिरली आणि मग टाळ्यांनी मंडप भरून गेला. त्यानंतर हा गडी पुन्हा पडद्याच्या कडेला बसला नाही. पुढे नोकरी लागली, नाटक सुटले. परंतु टाळ्यांची गोडी जी एकदा जिभेला लागली ती लागलीच. शाळेत गेले, शिक्षक अडखळताना दिसला, की त्यांचा जीव मागच्या भिंतीशी राहत नसे. ते उठत, पुस्तक घेत, आणि वर्ग असा रंगवून सोडत की शिक्षक खडू हातात धरून प्रेक्षक होई. ‘आदर्श पाठ’ असे त्याला सगळे म्हणत. सरही म्हणत.

खेकड्याचा पाठ त्यांनी याच शाळेत, याच खोलीत, तीन वर्षांपूर्वी एकदा दिला होता. त्या दिवशी केंद्रातल्या सर्व शाळांचे शिक्षक इथे परिषदेसाठी जमले होते. सरांना पडसे झाले होते. कोणी तरी मोबाइलवर त्यांचे चित्रण केले आणि ते तालुकाभर फिरले. वाघाच्या प्रश्नानंतर ते दोनदा खोकले होते. आज आचल खोकेपर्यंत त्यांच्या स्वतःच्या ध्यानातही ते राहिले नव्हते.

त्यांनी वळून वर्गशिक्षिकेकडे पाहिले. दिव्यानी बगमारे बाई खिडकीशी उभ्या होत्या. नाकीडोळी साध्या, आवाजाने मऊ, शेजारच्याच ढिवरांच्या गावातल्या. बाप नदीवर जाळे टाकणारा, आणि घरात नोकरीचे कपडे घालणारी ही पहिलीच. बाईंनी फळा स्वच्छ पुसून ठेवला होता. टेबलाच्या कडेला एक नवाकोरा, न मोडलेला खडू ठेवला होता, सरांच्या हाताला लागेल असा. आणि स्वतः त्या, सर पुढे येताना दिसताच, दोन पावले सरकून खिडकीपाशी गेल्या होत्या.

हे सरकणे सरांनी किती तरी शाळांत पाहिले होते. आजवर त्याला ते मान समजत आले होते.

“बाई,” ते म्हणाले, “आज तुमी वाचा. कोणती बी गोष्ट. मी मागं बसतो.”

दिव्यानीबाईंनी मान खाली घातली. उत्तर पुढच्या रांगेतल्या निकेशने दिले.

“बाई नाई वाचत जी. बाई लावतेत.”

“काय लावतेत?”

साऱ्या वर्गाने कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बोट केले, आणि एकमुखाने उत्तर आले, “तुमाले!”

खिचडीच्या सुटीत मुख्याध्यापक सहारे गुरुजी हसत हसत आले. गोल चेहऱ्याचा, कोणाचे वाईट न चिंतणारा आणि आपल्या झोपेला जपणारा हा माणूस.

“कसे वाटले पोट्टे, सर? तिसरीचे हायेत म्हणून कोणी मानन काय? गेल्या खेपी साहेब आले होते, त्याईनंबी तोंडात बोट घातलन.”

“गुरुजी, ते वाचत नाईत. पाठ म्हणून राह्यले.”

“आता तुमीच असं म्हणान त मंग झालं!” गुरुजींनी आवाज खाली आणला. “पाठ तं पाठ, सर. मराठीच म्हणतेत ना? काऊन उगी निजलेल्या कुत्र्यावर पाय देता? आन् आज तुमचा शेवटचा दिवस हाये आमच्याकडं. शाल हाये, नारळ हाये. दुपारी तुमचा एक नवा पाठ घेतो आमी मोबाइलवर. आमच्या भूपेश मास्तरनं ते उभं कराचं स्टँडबी आणून ठेवलन वरोऱ्याहून. तुमी जानार, पन तुमचा आवाज तं राहीन ना शाळेत!”

सरांची ही फेरी अखेरची होती, हे खरे. महिनाअखेर त्यांची ती नेमणूक संपत होती आणि ते आपल्या मूळ शाळेत परत जाणार होते. नवा पाठ म्हणताच त्यांच्या छातीत काही तरी सुखाने हलले, हेही खरे. पिशवीत एक गोष्ट होती. तिच्यात अस्वल होते, मध होता, पुरात वाहून जाणारे लाकूड होते. अस्वलाचा आवाज त्यांनी येता येता मोटरसायकलवर काढूनही पाहिला होता.

खिचडी वाढणाऱ्या गुणाबाईंनी डाव हातात धरूनच विचारले, “आज काय होनार जी सर? वाघ का लांडगा? मी भांडे घासाचे ठेवून येतो आयकाले.”

“पाहू,” सर म्हणाले. घास त्यांच्या तोंडातच फिरत राहिला.

दिव्यानीबाई मुलांच्या पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या. सर ताट घेऊन त्यांच्यापाशी गेले.

“बाई, टीव्ही रोज लावता काय?”

“रोज जी. वाचनाच्या तासाले.”

“आन् तुमी कवापासून नाई वाचलं?”

“तवापासून,” बाई म्हणाल्या. कोणत्या ‘तवा’पासून, हे त्यांनी सांगितले नाही. मग एका मुलाच्या ताटात सांडलेली खिचडी सावरून त्या पुन्हा उभ्या राहिल्या आणि, जणू दुसऱ्याच कोणाची हकीगत सांगावी तसे, सांगू लागल्या.

“मी हळू वाचत होती सर. मले ठाऊक हाये, मी लय हळू वाचतो. शब्दाखाली बोट ठेवून वाचतो. आन् मंधातच थांबतो, पोरांले पुसतो, पुढं काय असन? तं पोरं माह्या बोटाकडं पाहेत. एखादा म्हने, बाई, तिथी ‘पानी’ लिवलं दिसते. कोनी म्हने, नाई, ‘पाय’ हाये. भांडन होये त्याइचं. मंगली नावाची पोरगी होती, ते तं पुस्तकावर पडेच. मले वाटे, हे होऊन राह्यलं काहीतरी. त्या दिवशी तसंच वाचत होती. मागं सारे सर लोक बसले होते. तुमी उठले.”

सरांना तो क्षण आठवला. आठवू नये अशी फार इच्छा असतानाही आठवला. “द्या बाई इकडे. असं वाचतेत काय? अशानं तं वाघ म्हातारा होईन!” असे ते म्हणाले होते, आणि मागच्या भिंतीशी मोठा हशा पिकला होता. बाईही हसल्या होत्या. बाई हसल्या होत्या म्हणून तर सरांना वाटले होते की त्यांना राग आला नाही.

“दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं,” बाई पुढे म्हणाल्या, “तं पोरं म्हनतेत, बाई, तुमी नोका वाचू, सरांचं लावा. ल्हान पोरं होते जी, त्याइच्या मनात काही नोहतं. एक दिवस लावलं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज मी वाचतो. मंगली म्हने, वाघ म्हातारा होईन बाई. सारे हासले.” त्या किंचित थांबल्या. “मंग मी लावतच गेली.”

“तुमी मले फोन कराचा ना, बाई!”

“काय सांगाले, सर?”

सरांनी ताट पायरीवर ठेवले आणि ते बोलू लागले. माझी चूक झाली, म्हणाले. शिक्षक हा दिवा असतो आणि मी फुंकर घालणारा वारा झालो, असे म्हणाले. मला मागे बसण्यासाठी नेमले होते आणि मी पुढे उभा राहिलो. एका उमलत्या वर्गावर माझी सावली पडली. बोलता बोलता त्यांचा स्वर योग्य जागी खाली गेला, योग्य जागी किंचित थरथरला. ते सारे खरे होते. मनापासूनचे होते. पंगतीतली मुले घास थांबवून ऐकू लागली, आणि गुणाबाईंनी डोळ्याला पदर लावला.

दिव्यानीबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

“हे बी तुमी किती छान बोलले, सर,” त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. हीच त्यातली धार होती. आपल्या आवाजाची लाज वाटावी, असा प्रसंग दोनाडकर सरांच्या आयुष्यात याआधी आला नव्हता.

दूर कोणाच्या तरी खळ्यावर धान मळण्याचे यंत्र घरघरत होते. पोरे ताटे धुवायला हापशीकडे पळाली. मग सर पुष्कळ हळू, घसा बसलेल्या माणसासारखे म्हणाले, “मी मागंच बसतो, बाई. एक डाव वाचा. माझ्यासाठी नाई.”

“मागंबी नोका बसू.”

“बरं. वऱ्हांड्यात बसतो.”

“तिथीबी तुमचे कान येतेत, सर.” बाईंच्या ओठावर प्रथमच अर्धवट हसू आले आणि मावळले. “मी अटकली का तुमी आतल्या आत वाक्य पुरं करान. मले इथी आयकू येईन ते.”

त्या म्हणत होत्या ते अक्षरशः खरे होते. शिक्षक अडला की सरांची जीभ तोंडात आपोआप हलत असे.

“प्रॉम्प्टर होते म्हनतेत ना तुमी आधी,” बाई म्हणाल्या. “मंग तेच राहाचं होतं जी. हिरो कायले झाले?”

सहारे गुरुजींना हे सारे मुळीच पसंत पडले नाही. स्टँड उभे केले होते. टेबलावर तबकात शाल घडी करून ठेवली होती. “असं कसं सर? पोरं वाट पाहून राह्यले. एक गोष्ट सांगून देजा, दहा मिनटाची तं बात. तुमच्यासारखा आवाज का रोज रोज भेटते?”

मुलेही दारात गोळा झाली होती. “सर, वाघ करा ना! सर, नवीन करा ना!” आदेशने तर आधीच मूठ तोंडापुढे नेऊन ठेवली होती.

पिशवीतले अस्वल सरांच्या अगदी ओठापर्यंत आले. एवढे एकच, आणि मग पुन्हा कधीच नाही, असे मनाने त्यांना मोठ्या गोडीने समजावून पाहिले. त्यांनी पिशवीचा बंद ओढून घट्ट केला.

“माझा घसा बसला, बेटा,” ते मुलांना म्हणाले. “आज बाई वाचतीन.”

मुलांचे चेहरे पडले. पडलेच. कोणी तरी मागून “आऽऽ” असा सूर काढला, आणि तो सूर बाईंनी ऐकला, हे सरांनी पाहिले. त्याला त्यांचा इलाज नव्हता. तो सूर त्यांनीच पेरला होता आणि तो बाईंना कापावा लागणार होता.

“ते टीव्हीचं बटन बंद करा, गुरुजी,” ते म्हणाले. “मी जरा पाळीवर जाऊन येतो.”

“पाळीवर? आता? अन् शाल?”

पण सर अंगण ओलांडून गेलेही होते.

गावचा मालगुजारी तलाव शाळेच्या मागेच होता. त्याच्या उंच मातीच्या बांधाला सारे पाळ म्हणत. पाळीवर मोहाची जुनी झाडे होती. एका झाडाखालच्या उन्हात निळी ताडपत्री पसरून तिच्यावर झिंगे, तलावातली बारीक कोळंबी, वाळत घातले होते, आणि एक अकरा-बारा वर्षांची मुलगी काठी घेऊन त्यांची राखण करीत बसली होती. सरांना पाहताच ती उठून उभी राहिली.

“तुमी वाघवाले सर नाई काय जी?”

“हो. तू कोणाची?”

“मी मंगली. तुमी आले होते तवा पुढंच बसली होती ना मी. व्हिडिओत दिसतो मी. लाल रिबिनवाली.” आणि सरांनी काही विचारण्याआधीच तिने अंग ताठ केले, आवाज जाड केला आणि सुरुवात केली: “एका जंगलात एक मोठा तलाव होता...” तिने गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. एक शब्द चुकला नाही. वाघ गुरगुरला, खेकडा चिरकला, आणि मधल्या त्या जागी मंगली मूठ धरून दोनदा खोकली.

“झाली,” ती म्हणाली आणि शाबासकीसाठी थांबली.

“शाब्बास,” सर म्हणाले. तो शब्द उच्चारायला त्यांना पुष्कळ बळ लागले. “आता कोणत्या वर्गात हायेस?”

“नाई जात आता.”

“काऊन?”

“गेली होती ना, पाचवीत. त्या मोठ्या गावच्या शाळेत. तिथल्या सरानं वाचाले उभं केलन.” मंगलीने काठीने एक झिंगा उलटा केला. “दुसरंच पुस्तक होतं ते. त्याच्यात वाघ नोहता.”

“मंग?”

“मंग काय जी. सारे हासले. रोजच हासत. मंग आई म्हने, राहू दे, झिंगे वाळव.” ती हे सगळे कोणाचीही तक्रार नसल्यासारखे सांगत होती. तिच्या लेखी गोष्ट सरळ होती: काही पुस्तकांत वाघ असतो, काहींत नसतो, आणि तिच्या वाट्याला नसलेले आले होते.

सर मोहाच्या मुळीवर बसले. त्यांना बाईंचे वाक्य आठवले: ते तं पुस्तकावर पडेच. ‘पानी’ का ‘पाय’ म्हणून भांडणारी हीच पोरगी. तिचे बोट अक्षराला लागले होते. आणखी काही महिने ते भांडण चालू राहिले असते तर? या ‘तर’च्या पुढे त्यांना जाववले नाही. त्यांनी किती तरी शाळांत, किती तरी बायांच्या आणि गुरुजींच्या हातून पुस्तके घेतली होती. आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडल्या होत्या.

“तू पुन्हा शाळेत जाशील काय? मी बोलतो त्या सराइशी. तुह्या आईशीबी बोलतो.”

मंगलीने खांदे उडवले. हो नाही, नाहीही नाही. आश्वासने देणारी मोठी माणसे तिने आधीही पाहिली असावीत. मग एकाएकी तिने शाळेच्या दिशेला कान दिला.

“सर, रोज या टाइमाले तुमचा आवाज येते इथपर्यंत. आज काऊन नाई येऊन राह्यला? लाइन गेली काय?”

“लाइन हाये. आज बाई वाचून राह्यल्या.”

“बाई?” मंगलीचे डोळे विस्फारले. “आमच्या बाई? सोताच्या तोंडानं?”

“हो.”

ती टाचा उंचावून पाहू लागली. शाळेची मागची खिडकी पाळीच्या समोरच, थोड्या खाली होती. खिडकीतून दिव्यानीबाईंचा खांदा आणि वाकलेले डोके दिसत होते. त्या खुर्चीवर नव्हत्या. खाली सतरंजीवर बसल्या होत्या. सुरुवातीला मुले आपापल्या रांगेत होती. कोणी खिडकीबाहेर पाहत होते, कोणी बंद टीव्हीकडे. निकेश तर भिंतीला टेकून जांभई देत होता. बाईंचे ओठ हलत होते, थांबत होते, पुन्हा हलत होते. एकदा त्या इतका वेळ थांबल्या की पाळीवर बसलेले सर मुळीवरून अर्धे उठले आणि पुन्हा बसले.

“सर,” मंगली म्हणाली. तिचा जीव आता पाळीवर नव्हता. “झिंगे पाहान काय जी थोडा वेळ? कावळे येतेत. लय चोट्टे हायेत.”

“जा,” सर म्हणाले. “मी पाहतो.”

तिने काठी त्यांच्या हाती दिली, पाळीच्या उतारावरून धूम ठोकली आणि खिडकीखाली पोहोचून दगडावर चढली. गज दोन्ही हातांनी धरून ती आत पाहू लागली. आत काय चालले होते ते सरांना ऐकू येत नव्हते. दिसत तेवढे होते. आचल पुढे सरकली. मग आदेश. बाईंनी पुस्तक जमिनीवर ठेवले होते आणि त्यांचे बोट पानावर हळूहळू, धान पेरणाऱ्याच्या पावलासारखे, पुढे जात होते. बोट थांबले. बाईंनी मान वर करून काही विचारले. मग निकेश भिंतीपासून सुटला, गुडघ्यांवर रांगत आला आणि त्याने पुस्तकावर आपले बोट टेकले. आदेशने ते ढकलून तिथे स्वतःचे टेकले. खिडकीबाहेर मंगली काही तरी ओरडून सांगत होती; बाईंनी वळून तिच्याकडे पाहिले आणि हाताने तिला आत ये म्हटले.

ते कोणत्या शब्दावरून भांडत होते, हे सरांना कळले नाही. कोणती गोष्ट चालली होती तेही नाही. बाईंचा वाचनाचा आवाज कसा आहे, हे त्यांनी त्या एका दिवशीही नीट ऐकून घेतले नव्हते, आणि आता ते ऐकण्याचा अधिकार त्यांना राहिला नव्हता.

मोहावरून एक कावळा उतरला आणि ताडपत्रीच्या कडेला बसला. त्याच्यामागून दुसरा आला. सरांचा हात काठीवर आवळला, आणि ‘हाड्’ हा शब्द, मंडप गाजवलेल्या त्या छातीतून, सवयीने वर आला. तो खिडकीपर्यंत सहज गेला असता. सरांनी तो ओठांत दाबून धरला. मग त्यांनी काठी खाली ठेवली, खांद्यावरचा दुपट्टा काढला, आणि आवाज न करता, सावकाश, तो हवेत हलवीत राहिले.